कारण आणि म्हणून

लातूरच्या औसा रोडवरची एक अभ्यासिका, रात्रीचे नऊ वाजून गेलेले. प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले खण, प्रत्येक खणात एक दिवा, एक पाण्याची बाटली आणि समोर चिकटवलेला आवर्त सारणीचा तक्ता. मुखेडकडच्या एका गावातून आलेली मुलगी रविवारच्या टेस्टचा पेपर घेऊन माझ्यासमोर बसली. ती नीट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दुसऱ्यांदा देत होती, म्हणजे इथल्या भाषेत रिपीटर. जीवशास्त्रातले अकरा प्रश्न चुकले होते. त्यातल्या एकावर तिने बोट ठेवलं.

विधान: परिपक्व मानवी तांबड्या रक्तपेशींमध्ये केंद्रक नसतं.
कारण: मानवी तांबड्या रक्तपेशींचं सरासरी आयुष्य १२० दिवसांचं असतं.

"दोन्ही बरोबरच हायेत की सर," ती म्हणाली. "केंद्रक नाही म्हणूनच पेशी लवकर मरायली. मग कारण बरोबर व्हायलंय ना?"

मी भाषेचा शिक्षक आहे, विज्ञानाचा नाही. पण तिची अडचण विज्ञानाची नव्हतीच. दोन्ही गोष्टी तिला पाठ होत्या. त्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे हेही तिला ठाऊक होतं: केंद्रक नसल्यामुळे पेशीला नवी प्रथिनं बनवून आपली डागडुजी करता येत नाही, म्हणून ती फार काळ टिकत नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की दोन वाक्यांच्या मध्ये 'कारण' हा शब्द घाल आणि मोठ्याने वाच. तिने वाचलं, "पेशीत केंद्रक नसतं, कारण ती १२० दिवस जगते." आणि वाक्य पुरं होताच म्हणाली, "हे तर उलटं झालं."

दोन्ही वाक्यं खरी, पण दुसरं पहिल्याचं स्पष्टीकरण नाही. उत्तर हे होतं. चार गुण मिळायचे, त्याऐवजी एक गेला. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक, म्हणजे एका प्रश्नामागे पाच गुणांचा फरक.

वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत भाषेची, वाचनाची वेगळी चाचणी घेण्याची पद्धत जगात जुनी आहे. अमेरिकेत १९२८ साली मॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी पहिली सामाईक परीक्षा तयार केली, तेव्हाच तिच्यात छापील मजकूर किती समजतो हे तपासणारा भाग होता. त्याच परीक्षेचा आजचा अवतार म्हणजे एमकॅट. तिच्या एका विभागात नऊ उतारे, त्यांवर ५३ प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. उतारे इतिहासाचे, तत्त्वज्ञानाचे, कलेचे, समाजशास्त्राचे. विज्ञानाचा गंधही नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांसाठी युकॅट नावाची परीक्षा असते. तिच्यात वाचनाचे ४४ प्रश्न २२ मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला अर्धं मिनिट. त्यातल्या काही प्रश्नांत उतारा वाचायचा, खालचं विधान बघायचं आणि सांगायचं: खरं, खोटं, की 'सांगता येत नाही'.

हे तिसरं उत्तर मुलांना फार जड जातं. लातूरच्या वर्गात मी एक उतारा फळ्यावर लिहून देतो. '२०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटल्यामुळे लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोहोचली.' त्याखाली विधान: 'त्याआधी लातूरला कधीही रेल्वेने पाणी आलं नव्हतं.' वर्गातले बहुतेक हात 'खरं'साठी वर जातात. पाण्याच्या गाडीच्या गोष्टी ऐकत ही मुलं वाढली; तो उन्हाळा त्यांच्या घरांनी सोसला आहे. पण उताऱ्यात पहिली गाडी म्हणजे त्या वर्षीची पहिली गाडी. त्याआधीच्या काळाबद्दल उतारा अवाक्षर काढत नाही. बरोबर उत्तर: सांगता येत नाही. आपल्याला बाहेरून जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवून, समोरचं वाक्य जेवढं बोलतं तेवढंच ऐकायचं, हे कसब आहे. गुणसूत्रांची संख्या पाठ करून ते येत नाही.

नीटमध्ये असा वेगळा विभाग नाही. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५, जीवशास्त्र ९०, एकूण १८० प्रश्न, ७२० गुण, आणि २०२५पासून पुन्हा १८० मिनिटं. म्हणून आपल्याकडे समज असा की इथे भाषेचं काही काम नाही. मला हा समज मोडायचा आहे. नीटमध्ये वाचनाची परीक्षा तिन्ही विषयांत मुरलेली आहे, आणि तिचं नाव कुठे छापलेलं नसल्यामुळे तिची तयारी कुणी करून घेत नाही.

२०२४ची गोष्ट बघा. त्या वर्षीच्या भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात अणूबद्दल दोन विधानं होती. पहिलं विधान असं, की अणूत धन आणि ऋण प्रभार सारखेच असल्याने तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसऱ्याचा आशय असा, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. दुसरं विधान बरोबर की चूक? एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात 'प्रत्येक मूलद्रव्याचे' असं होतं. नव्या आवृत्तीत तिथे 'बहुतेक मूलद्रव्यांचे' असं आलं होतं, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. थोरल्या बहिणीचं पुस्तक वाचलेल्याने एक उत्तर दिलं, नवं पुस्तक घेतलेल्याने दुसरं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं आणि समितीने एकच उत्तर बरोबर ठरवलं: पहिलं विधान बरोबर, दुसरं चूक. चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले. पैकीच्या पैकी ७२० गुण मिळवणारे ६१ होते, ते सुधारित निकालात १७ राहिले.

'प्रत्येक' आणि 'बहुतेक'. देशभरातली गुणवत्ता यादी या दोन शब्दांमधल्या अंतराने हलली.

असे प्रश्न नीटमध्ये कुठून आले, तेही थोडक्यात सांगतो. दिल्लीच्या एम्सची स्वतःची प्रवेश परीक्षा होती, शेवटची २०१९ साली झाली. विधान-कारण प्रश्न ही तिची ओळख होती आणि तर्कशक्तीचे काही प्रश्नही त्यात वेगळे असत. २०२०पासून एम्सचे प्रवेशही नीटमधूनच होऊ लागले. त्यानंतरच्या वर्षांत नीटच्या पेपरात विधान-कारण, दोन विधानांची तुलना, पाच विधानांतली बरोबर विधानं निवडा, जोड्या लावा, अशा प्रश्नांचं प्रमाण स्पष्ट वाढलं. जीवशास्त्राचे ९० प्रश्न मुलं ५० मिनिटांत उरकायला बघतात, कारण भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीला वेळ राखायचा असतो. हिशेब केला तर प्रश्नामागे ३३ सेकंद पडतात. पाच विधानांचा प्रश्न तेवढ्यात वाचायचा, समजून घ्यायचा आणि गोल काळा करायचा.

आता लातूर. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे अभ्यासक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठी वाचकांना ओळख करून देण्यात त्यांचा मोठा वाटा. पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासपद्धतीची पायाभरणी ज्यांनी केली त्यांत एक माणूस मुळात वाचनाचा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं, आणि ते पुरेसं बोललं जात नाही. बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांच्या काळात हा पॅटर्न गाजला तो सरावावर: पुन्हा पुन्हा चाचण्या, प्रत्येक उत्तरपत्रिकेची बारकाईने तपासणी, चूक दाखवून तेच उत्तर परत लिहून घेणं, सुट्टीतही चालणारे वर्ग. तो सगळा लिहिण्याचा सराव होता. बोर्डाच्या परीक्षेत मूल लिहायचं आणि वाचायचं काम परीक्षकाचं असायचं.

नीटमध्ये हे उलटं आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नीट रद्द करणारा आपला २०१३चा निकाल मागे घेतला आणि नीटचा रस्ता मोकळा झाला. त्याच दिवशी मिरजेहून लातूरसाठी पाण्याची पहिली गाडी निघाली होती. त्या महिन्यात लातूरच्या पालकांनी एकाच वेळी दोन चिंता वाहिल्या. महाराष्ट्राला त्या वर्षापुरती सूट मिळाली. पुढच्या वर्षी सगळे नीटमध्ये आले. या परीक्षेत मूल एक वाक्यही लिहीत नाही. तीन तास ते फक्त वाचतं. सराव मात्र अजून पुष्कळदा जुन्याच वळणाचा आहे: ओळ न् ओळ पाठ करा, जास्तीत जास्त प्रश्न सोडवा. लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडचं भाग्यनगर, "एनसीईआरटी किती वेळा झाली?" असं मुलं एकमेकांना विचारतात. सहा वेळा, आठ वेळा, अशी उत्तरं येतात. त्यांच्या कष्टाला मी कमी लेखत नाही. पहाटे पाचला उठून मेसच्या डब्यावर वर्ष काढणारी ही मुलं आहेत आणि त्यांच्यामागे सोयाबीनच्या पैशावर खोलीचं भाडं भरणारे आईवडील आहेत. कष्ट एवढे असताना वाचायचं कसं हे कुणी शिकवलं नाही म्हणून गुण जावेत, याचं मला वाईट वाटतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची अडचण आणखी वेगळी. दहावीपर्यंत त्याने परासरण, तंतुकणिका, विकर, गुणसूत्र असं शिकलेलं असतं. अकरावीला विज्ञान शाखेत गेलं की सगळं इंग्रजी. नीट २०१७पासून मराठीतही देता येते. मराठी निवडणाऱ्याला मराठी आणि इंग्रजी अशी द्विभाषी प्रश्नपत्रिका मिळते, आणि अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. पण दोन वर्षं वर्गात 'ऑस्मॉसिस' ऐकलेल्या मुलाला परीक्षेत 'परासरण' परकं वाटू लागतं. माझं मत असं, की शास्त्रीय संज्ञांची धास्ती घेऊ नये. त्या मोजक्या असतात, आठवड्याभरात वहीत दोन रकाने पाडून पाठ होतात. घात होतो तो साध्या इंग्रजी शब्दांनी: 'एक्सेप्ट', 'अनलाइक', 'व्हेअरअॅज', 'रिस्पेक्टिव्हली', 'ओन्ली', 'ऑलमोस्ट'. यांना कुणी संज्ञा मानत नाही, म्हणून ते वहीत उतरत नाहीत. एनसीईआरटी म्हणते की जवळजवळ सगळी विकरं प्रथिनं असतात. मुलाच्या डोक्यात राहतं, सगळी विकरं प्रथिनं असतात. मग रायबोझाइमवर प्रश्न येतो. ते विकराचं काम करतं, पण ते असतं आरएनएचं. एक 'जवळजवळ' डोळ्याआड झाला आणि प्रश्न गेला.

दुसरं, वाक्याची ठेवण. मराठीत नकार शेवटी येतो. 'या पेशीत केंद्रक नसतं.' आपला कान शेवटच्या शब्दाची वाट बघतो; वाक्य होकारी आहे की नकारी ते तिथे ठरतं. इंग्रजीत 'नॉट' वाक्याच्या पोटात दडलेला असतो, 'नन' किंवा 'नो' तर अगदी तोंडाशी. मराठी सवयीचा डोळा सुरुवातीवरून घसरतो, पोटातल्या छोट्या शब्दावरून उडी मारतो आणि शेवटी जाऊन टेकतो. 'खालीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही' हे इंग्रजीत वाचताना 'नॉट' निसटतो, त्याचं मला हेच कारण दिसतं. मुलं त्याला 'सिली मिस्टेक' म्हणतात आणि आपल्यावर चिडतात. त्यात बावळटपणा काही नाही. दोन भाषांमध्ये नकाराची जागा वेगळी आहे, एवढं एकदा समजलं की मूल पेन्सिलीने त्या शब्दाभोवती गोल काढायला शिकतं आणि पुढे हात आपोआप तिकडे जातो.

भौतिकशास्त्रात तर प्रत्येक साधा शब्द म्हणजे एक समीकरण. 'गुळगुळीत' म्हटलं की घर्षण नाही. 'हलकी दोरी' म्हणजे दोरीचं वस्तुमान धरायचं नाही. 'स्थिर स्थितीतून' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. वायूच्या गणितात 'अचानक दाबला' म्हटलं की उष्णतेला बाहेर जायला सवड नाही, प्रक्रिया अॅडियाबॅटिक; 'अगदी सावकाश दाबला' आणि भांडं उष्णता जाऊ देणारं असेल तर आयसोथर्मल. नांदेडला एक मुलगा मला म्हणाला होता, "सर, गणित येतंय, सुरू कुठून करायचं ते कळंना गेलंय." त्याचा पेपर घेऊन बसलो तेव्हा सूत्रं सगळी बरोबर होती. 'अचानक' हा शब्द त्याने वाचला होता, पण त्याला नुसतं क्रियाविशेषण समजून सोडून दिलं होतं.

मग करायचं काय? मी जे करून घेतो ते सांगतो. पहिली गोष्ट त्या मुखेडच्या मुलीला सांगितली तीच. मराठीत 'कारण' हा शब्द नामही आहे आणि दोन वाक्यं जोडणारं अव्ययही. प्रश्नपत्रिकेत तो शीर्षक म्हणून छापलेला असतो. तो उचलून दोन वाक्यांच्या मध्ये ठेवायचा. मग वाक्यांची अदलाबदल करून मध्ये 'म्हणून' ठेवायचा. दोन्ही वेळा अर्थ सरळ लागला तर कारण खरं. कान अडखळला तर थांबायचं. घरात, शेतात, बाजारात ही मुलं जन्मापासून कारण आणि म्हणून वापरत आली आहेत. 'पाऊस लांबला म्हणून पेरणी राहिली' हे वाक्य उलटं करून कुणी बोलणार नाही. तोच कान परीक्षेत वापरायचा, इंग्रजी पेपर असला तरी मनात मराठी जोड लावून. मात्र दोन्ही विधानं आधी स्वतंत्रपणे खरी आहेत का हे बघायचं आणि मग जोड तपासायची. घाईत उलट होतं: जोड झकास लागते आणि त्या भरात एक विधान मुळातच खोटं आहे हे नजरेतून सुटतं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, कारण मुलं त्यात रमतात. एनसीईआरटीचं एक पान घ्यायचं. त्यातलं एक वाक्य निवडायचं आणि एकच शब्द बदलून ते खोटं करायचं. 'बहुतेक'चं 'सर्व', 'मुळे'चं 'साठी', 'आधी'चं 'नंतर'. मग वही शेजारच्याला द्यायची. त्याने कुठे काय बदललं ते शोधायचं. खोटं वाक्य बनवायला बसलं की खरं वाक्य कशावर उभं आहे ते दिसतं. रोज दहा वाक्यं, वीस मिनिटं. ज्या मुलांनी हे महिनाभर नेमाने केलं, त्यांचं पुस्तक वाचणंच बदललेलं मी पाहिलं आहे. ती पानावर हळू जातात आणि परत परत मागे येत नाहीत.

तिसरं, अभ्यासक्रमाबाहेरचं वाचन. याला पालक घाबरतात. वेळ वाया जाईल म्हणतात. मी दिवसाला एका अग्रलेखापेक्षा जास्त मागत नाही, मराठी वर्तमानपत्रातला चालेल. वाचून झाल्यावर लेखकाने काय म्हटलं ते एका वाक्यात सांगायचं आणि काय म्हटलेलं नाही तेही एका वाक्यात. दुसरं वाक्य सुरुवातीला जमतच नाही. हे काम मराठीत पक्कं झालं की इंग्रजीत न्यायला वेळ लागत नाही. आधी इंग्रजी सुधारू आणि मग समजू, हा क्रम मला चुकीचा वाटतो.

आणि हे सगळं परीक्षेपुरतं नाही, म्हणून मी त्यामागे लागलो आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत उद्या डॉक्टर झालेल्या या मुलांसमोर किनवटहून आलेली बाई बसेल आणि म्हणेल, "ताप गेलाय, पण जेवण जाईना गेलंय." त्यातला 'पण' ऐकू आला पाहिजे. ताप आधी गेला की अन्न आधी तुटलं, औषधाने गेला की औषध घ्यायच्या आधीच गेला, हे तिच्या बोलण्यात असतं; डॉक्टरने ते तेवढंच ऐकायचं असतं, आपल्या मनातला आजार त्यात न घुसवता.

ती मुलगी पंधरा दिवसांनी परत आली. वहीत तिने खोटी केलेली वाक्यं होती, शंभराच्या वर. पहिल्याच पानावर तोच रक्तपेशींचा प्रश्न लिहिला होता आणि त्यातल्या 'मानवी' या शब्दाला पेन्सिलीने गोल केला होता. मी विचारलं, हा गोल कशाला? ती म्हणाली, "सर, बेडकाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं. 'मानवी' काढला की विधानच खोटं व्हायलंय, मग कारणाकडं बघायचं कामच नाही." एवढं बोलून तिने पान उलटलं. पुढच्या वाक्यात काय बदललंय ते आता मी शोधायचं होतं.